कंट्रोल सोर्स आणि रो सोर्स: अ‍ॅक्सेसच्या फॉर्ममधला नेहमीचा घोळ

अ‍ॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये कॉम्बो बॉक्सच्या, म्हणजे फॉर्मवर यादीतून निवडायच्या चौकटीच्या, प्रॉपर्टीज उघडल्या की डेटा टॅबवर ही दोन्ही नावं दिसतात आणि नवशिक्यांची गल्लत होते. यादी कुठून आणायची ते रो सोर्स सांगतो. निवडलेलं कुठे साठवायचं ते कंट्रोल सोर्स.

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या अडत्याची संत्र्याची आवक घ्या. ‘आवक’ टेबलात तारीख, शेतकरी, क्रेट आणि तालुका क्रमांक. ‘तालुके’ या वेगळ्या टेबलात नागपूर जिल्ह्याचे १४ तालुके: १ काटोल, २ नरखेड, ३ कळमेश्वर, असे. रो सोर्समध्ये ‘तालुके’मधले क्रमांक आणि नाव, कंट्रोल सोर्समध्ये ‘आवक’मधला तालुका क्रमांक. कॉलम काउंट (यादीत किती कॉलम) २, बाउंड कॉलम (कितव्या कॉलममधलं मूल्य साठवायचं) १, पहिल्या कॉलमची रुंदी ०, म्हणजे क्रमांक दिसत नाही. मग फॉर्मवर ‘काटोल’ दिसतं आणि टेबलात १ जातो.

रो सोर्स रिकामा राहिला तर यादीच रिकामी येते, चूक लगेच कळते. कंट्रोल सोर्स रिकामा राहिला तर कंटिन्युअस फॉर्मवर, म्हणजे एकाखाली एक अनेक नोंदी दाखवणाऱ्या फॉर्मवर, एका ओळीत नरखेड निवडताच सगळ्या ओळींत नरखेड दिसू लागतं, आणि ‘आवक’मध्ये काहीच साठत नाही.

खरा धोका तिसराच आहे. फॉर्म क्वेरीवर, म्हणजे दोन्ही टेबलं जोडून एकत्र दाखवणाऱ्या रचनेवर, उभा असतो आणि कुणी कंट्रोल सोर्सला ‘तालुके’मधलं नाव देतं, बाउंड कॉलमही २ करतं. दिसायला सगळं ठीक. पण काटोलच्या ओळीत नरखेड निवडलं, की ‘तालुके’ टेबलातल्या काटोलचंच नाव नरखेड होतं, आणि काटोलच्या जुन्या सगळ्या नोंदी नरखेडच्या दिसतात. म्हणून नावाच्या फील्डवर डुप्लिकेट न चालणारा इंडेक्स लावाच. अ‍ॅक्सेस तिथेच अडवेल.

निवडलेल्या तालुक्याचीच गावं यादीत दाखवायची, म्हणजे यादी गाळायची असेल तर आणखी एक गोष्ट. कंटिन्युअस फॉर्मवर ओळी कितीही असोत, गावाच्या कॉम्बोचा रो सोर्स एकच. यादीत फक्त काटोलची गावं ठेवली की इतर तालुक्यांच्या ओळींतलं गाव कोरं दिसतं. लोक घाबरतात, पण कंट्रोल सोर्समधला क्रमांक जागेवरच असतो. त्याचं नाव तेवढं यादीत सापडत नाही. कॉम्बोत शिरताना, ऑन एंटरला, यादी गाळा आणि बाहेर पडताना, ऑन एक्झिटला, पूर्ण यादी परत द्या.