तुरेवाले दोन चंडोल: तुरा नको, छाती बघा

माळावर बारका तपकिरी पक्षी, डोक्यावर टोकदार तुरा, की लोक फोटो टाकून मोकळे, चंडोल म्हणून. पण आपल्याकडे तुरेवाले चंडोल दोन आहेत, साईक्सचा आणि मलबारी, आणि पुण्याच्या आसपास तर दोघंही मिळतात म्हणून घोळ होतो. तुरा दोघांनाही असतो, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही.

मी आधी छाती बघते. साईक्सचा चंडोल खालून तांबूस असतो, छातीपासून पोटापर्यंत सगळाच, आणि छातीवर रेघा अगदी बारीक आणि मोजक्याच, लांबून तर दिसतही नाहीत. मलबारीच्या छातीवर मात्र गडद जाड रेघा, काळ्या पेनाने ओढल्यासारख्या, आणि खाली पोट पांढरट. एवढं नीट दिसलं तर बहुतेक वेळा काम झालं. साईक्सचा थोडा लहानही असतो, साधारण १४ सेंमी, मलबारी १६ च्या आसपास, पण एकटा पक्षी समोर असताना दोन सेंमीचा फरक डोळ्याला कळत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

संध्याकाळच्या उन्हात मात्र जपून हं. तेव्हा मलबारीचं पांढरट पोटही तांबूस दिसायला लागतं, अशा वेळी रंग सोडून फक्त रेघांकडे बघायचं. आणि फोटो समोरून घ्या प्लीज, पाठमोऱ्या फोटोवरून खात्रीने सांगता येत नाही, पाठ दोघांचीही तपकिरी आणि रेघारेघांची.

जागेची मदत होते. मलबारी म्हणजे सह्याद्री, कोकणातले सडे, कासचं पठार, पाऊस जास्त तिकडचा. साईक्सचा कोरड्या दख्खनचा, सुपे, सासवड, सोलापूरकडचे खुरटं गवत आणि दगडगोट्यांचे माळ, नांगरलेली काळी रानं. कर्नल साईक्सने १८३२ मध्ये या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं तेही दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीतच, आणि हा पक्षी भारताबाहेर कुठेच नाही, म्हणून मला तो जास्तच जवळचा वाटतो. पण नुसत्या जागेवरून नाव लिहू नका, पुण्याच्या पट्ट्यात तर अजिबातच नको.

साईक्सचा दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला फार सुंदर करतो. माळावर एकही झाड नाही आणि झाडावरच्या पक्ष्याचा आवाज येतोय, तर आजूबाजूचे दगड आणि ढेकळं दुर्बिणीने बघा, बऱ्याचदा तिथेच तुरा ताठ करून बसलेला असतो. जवळ जायची घाई केली की चार पावलं पळतो, ढेकळाआड थांबतो आणि मग दिसेनासा होतो, त्याऐवजी तुम्हीच खाली बसा, दाणे टिपत टिपत तो स्वतःच पुढे येतो आणि छाती समोरून बघायला मिळते.

पावसाळ्यात मात्र पायवाट सोडून माळात शिरू नका. दोघांचीही घरटी जमिनीवरच असतात, ढेकळाच्या नाहीतर गवताच्या बुडख्याच्या आडोशाला, आणि इतकी बेमालूम की पाय पडेपर्यंत कळत नाही. जोडीतला एक जण चोचीत अळी धरून नुसताच इकडेतिकडे करत असेल, खाली उतरत नसेल, तर समजा पिल्लं तुमच्या जवळपासच आहेत, आल्या वाटेने मागे फिरा.