शेजाऱ्यांच्या सह्या म्हणजे मंजुरी नव्हे

न्यू जर्सीत घर वाढवायला निघालेल्या आपल्या मंडळींत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: शेजाऱ्यांच्या सह्या आणल्या की झोनिंग बोर्ड (जमिनीचा वापर आणि बांधकाम यांच्या नियमांबाबत निर्णय देणारं गावाचं मंडळ) व्हेरियन्स देतंच. तसं नाही. या समजापायी लोकांचे पैसे आणि महिने वाया जातात, म्हणून हा खुलासा.

व्हेरियन्स म्हणजे नियमातून सूट. समजा, बाजूला दहा फूट सोडायचे तिथे सातच सोडणं. राज्याच्या १९७५ च्या कायद्यानुसार २०० फुटांच्या आतल्या मालकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ती त्यांना बोलता यावं म्हणून. मत देतात ते बोर्डाचे सदस्य. सह्यांच्या कागदाला उलट प्रश्न विचारता येत नाहीत, त्यामुळे वजन असतं ते शपथेवरच्या साक्षीला.

अडचणीच्या आधारावर सूट मागितली, तर बोर्ड जमिनीकडे बघतं: प्लॉट अरुंद आहे का, उताराचा आहे का. ‘आईबाबा भारतातून येणार, खोली हवी’ ही गरज अगदी खरी, पण ती कुटुंबाची, जमिनीची नव्हे. कारण सूट जमिनीला चिकटते, घर विकलं तरी राहते. आणि तुमच्या झोनमध्ये, म्हणजे ठरावीक वापरासाठी आखलेल्या भागात, न बसणारा वापर हवा असेल तर सातांच्या बोर्डात पाच मतं बाजूने लागतात.