सायरन वाजला की निघायचं, जमीन हलली की बसायचं

ऑफिसात अधूनमधून सायरन वाजतो, सगळे मोबाइल बघत जिने उतरतात, खाली हजेरी होते आणि चहा पिऊन मंडळी परत वर. या कवायतीला नुसतं 'मॉक ड्रिल' म्हणतात. त्यामुळे डोक्यात एवढंच पक्कं बसतं की काहीही झालं की बाहेर पळायचं. आगीसाठी ते बरोबर आहे, भूकंपात तेच जिवावर बेतू शकतं.

आग लहानशी लागते आणि मिनिटागणिक वाढते. सुरुवातीची मिनिटंच काय ती आपली, मग धूर जिना भरून टाकतो. भूकंपाचे जोराचे हादरे बहुतेक वेळा मिनिटभरही टिकत नाहीत. सातव्या मजल्यावरून खाली यायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे पळणारा माणूस ऐन हादऱ्यांत जिन्यात धडपडतो, नाहीतर काचा, कठड्याच्या विटा आणि दुकानांच्या पाट्या जिथे कोसळतात, नेमका तिथे पोचतो.

टेबलाचंच बघा. आगीत टेबलाखाली किंवा पलंगाखाली लपणं घातक. घाबरलेली लहान मुलं तेच करतात आणि अग्निशमन दलाला सापडत नाहीत. भूकंपात मात्र भक्कम टेबलाखाली शिरून त्याचा पाय घट्ट धरायचा, कारण टेबलही सरकतं. दोन्ही संकटांत जमिनीलगत व्हायचं, पण आगीत धुराखालून रांगत दाराकडे, आणि भूकंपात आहे तिथेच. थिएटरात दोन रांगांच्या मध्ये वाकून डोकं हातांनी झाका. मॉलमध्ये रॅक आणि काचांपासून दूर सरका. गाडी चालवत असाल तर पूल, झाडं आणि विजेच्या तारा टाळून थांबवा आणि आतच बसा. हॉटेलच्या पलंगावर जाग आली तर तिथेच पालथे पडून उशी डोक्यावर घ्या. अंधारात फुटलेल्या काचांवरून अनवाणी धावण्यापेक्षा ते बरं. दाराच्या चौकटीत उभं राहण्याचा जुना सल्ला आता विसरा. आणि हो, हादऱ्यांनी फायर अलार्मही वाजू शकतो. धूर किंवा ज्वाळा दिसत नसतील तर हलणं थांबेपर्यंत उठू नका. लिफ्ट मात्र दोन्हींत वर्ज्य.

भूकंपात आहे तिथेच थांबायच्या नियमाला एक मोठा अपवाद आपल्याच मातीतला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारी परिसरात भूकंपाने हजारो माणसं झोपेतच गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदाची, म्हणजे सपाट छताची, जड माती एकदमच खाली आली. अशा बैठ्या घरात मुक्काम असेल, दार दोन पावलांवर असेल आणि बाहेर मोकळं अंगण असेल, तर निसटणंच शहाणपणाचं. सिमेंटच्या इमारतीतही टेबल म्हणजे हमी नव्हे. 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून 200 किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या कितीतरी खाली पार्किंगसाठी नुसत्या खांबांवर उभ्या होत्या. तरीही इमारत उभी राहते तेव्हा लोक जखमी होतात ते मुख्यतः पडणाऱ्या वस्तूंनी आणि पळापळीत, आणि त्यावर टेबल हाच उपाय.

जमायच्या जागेचा घोळ तर सर्रास दिसतो. 'असेंब्ली पॉइंट'ची हिरवी पाटी पुष्कळदा इमारतीच्या काचेच्या भिंतीखालीच लावलेली असते. भूकंपानंतर तिथे थांबू नका. मागाहून येणारे धक्के सैल झालेल्या काचा खाली आणतात.

हादरे थांबले की जिन्याने बाहेर पडायचं, आणि तेही फार रेंगाळून नाही. 1 सप्टेंबर 1923 ला टोकियो-योकोहामा भागात भूकंप झाला तो दुपारच्या स्वयंपाकाच्या वेळी, चुली पेटलेल्या असताना. मृतांचा आकडा लाखावर गेला, त्यांतले बहुतेक आगीने गेले. म्हणून हॉटेल असो की कँटीन, बाहेर पडताना गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, काडी पेटवायची नाही, आणि अंधार असला तरी चाचपडतच जिना गाठायचा.