पार्श्वभूमी : खाट नसलेल्या दवाखान्यातली सिस्टर

त्वचा आणि केसांच्या क्लिनिकमध्ये परिचारिकांनाही उपचारांची पॅकेजं (आगाऊ पैसे घेऊन ठरवलेल्या सहा-आठ सिटिंग, म्हणजे उपचाराच्या बैठका) विकण्याचं टार्गेट असतं, हे आता नव्याने सांगायला नको. पण पगाराची किंवा कामाच्या तासांची तक्रार घेऊन त्यांनी कुठल्या कायद्याचं दार ठोठवायचं? हा प्रश्न एका जुन्या मोजमापाशी येऊन अडतो : खाट.

राज्यातला शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ चा. रुग्णाला ठेवून घेऊन उपचार करणारी जागा त्याच्या डोळ्यासमोर होती. लेझरची खुर्ची नव्हती. केंद्राच्या २०१० च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायद्यात बिनखाटांचे दवाखानेही येतात, पण महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. परिचारिका किती असाव्यात याचे रूढ निकषही खाटांवर बेतलेले : शिकाऊ डॉक्टर असलेल्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक, इतरत्र पाचांमागे एक. एका सिस्टरने दिवसात किती सिटिंग उरकायच्या, हा हिशेब त्यात मांडलेलाच नाही.

वेतनाचा आणि कामाच्या अटींचा वाद २०११ मध्ये तापला. मुंबईतल्या खासगी रुग्णालयांमध्ये परिचारिका संपावर गेल्या. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचे बाँड आणि अडकवून ठेवलेली मूळ प्रमाणपत्रं ही त्यांची मुख्य तक्रार होती. त्याच वर्षी परिचारिकांच्या एका संघटनेची याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. २९ जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली आणि समितीने पुन्हा खाटाच मोजल्या. २०० हून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतकं वेतन, १०० हून अधिक असतील तर १० टक्के कमी, ५० ते १०० असतील तर २५ टक्के कमी, आणि ५० हून कमी असतील तर निदान २०,००० रुपये.

मग शून्य खाटांचं काय? एक वाचन असं की समितीचा विषय खासगी रुग्णालयं आणि नर्सिंग होम एवढाच होता, क्लिनिक त्यात नाही. दुसरं सरळ गणिताचं : शून्य पन्नासपेक्षा कमीच असतं. मला दुसरं पटतं, कारण सुई टोचणारा हात तोच आणि नोंदणी क्रमांकही तोच. पण शिफारस ही शेवटी शिफारस. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. केरळने एप्रिल २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढून २०,००० चा आकडा कायद्यात आणला.

दरम्यान धंदा बदलला होता. सुरकुत्यांवरच्या बोटॉक्सला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी ग्राहकोपयोगी वस्तू विकणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीने स्किन क्लिनिक उघडलं. पुढे अनेक साखळ्या आल्या आणि आगाऊ पैसे घेऊन सहा-आठ सिटिंगचं पॅकेज द्यायची पद्धत रुळली. या पद्धतीत खरी कमाई पहिल्या दिवशीच होऊन जाते. उरलेल्या सिटिंग म्हणजे फेडायचं देणं, आणि ते फेडते सिस्टर. म्हणून मशीन चालवता चालवताच पुढचं पॅकेज गळी उतरवायचं कामही तिच्याकडे येतं. नेमणूकपत्रावर मग 'काउन्सेलर' किंवा 'एक्झिक्युटिव्ह' असं लिहिलेलं दिसतं.

हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही. औषध कंपनीच्या प्रतिनिधीचं मुख्य काम ग्राहक मिळवण्याचं, म्हणून तो औद्योगिक विवाद कायद्यातला कामगार नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ठरवलं. त्या प्रतिनिधींना संरक्षण द्यायला १९७६ साली वेगळा कायदा करावा लागला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ते कामगारांच्या व्याख्येत आहेत. कौशल्याचं, तांत्रिक काम करणारी म्हणून परिचारिकेलाही या व्याख्येत जागा मागता येते. पण वाद उभा राहिला की पदनामापेक्षा तपासलं जातं ते मुख्य काम. म्हणजे दिवसातले किती तास तिच्या हातात मशीनचा हँडपीस होता आणि किती तास पॅकेजचं दरपत्रक.