घासून बसवलेलं पिस्तूल

निवडणुकीची आचारसंहिता लागली की सोलापुरात अनेक परवानाधारकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. ते परत मिळालं की साफसफाईसाठी उघडतात, आणि मग दरवेळची तक्रार ऐकू येते: जोडताना स्प्रिंग बसत नाही, स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) अडते, दुसरी गोळी चढत नाही. दोष मालकाच्या हाताला दिला जातो. मला तो पिस्तुलाच्या घराण्यात दिसतो.

हे घराणं बेल्जियमचं. अमेरिकी कारागीर जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावर तिथल्या एफएन या शस्त्र कारखान्याने पिस्तूल काढलं, त्याच्यासोबत १८९९ साली ७.६५ मिमीची गोळी आली. आपल्याकडच्या पिस्तुलांची 'बत्तीस बोर' (बोर म्हणजे नळीचं माप) ती हीच. गोळीचा जोर बेताचा, म्हणून स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावर झटका रोखायचं काम भागत असे. पण हत्यार लहान केलं की स्लाइड हलकी होते, स्प्रिंग कडक करावी लागते आणि मॅगझिनला (गोळ्यांच्या डबीला) गोळी वर ढकलायला वेळ कमी मिळतो. १९१०च्या मॉडेलमध्ये तर स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळली. जागा वाचली, पण उघडताना तोंडाशी दाबून धरलेली टोपी निसटली की स्प्रिंग उडालीच.

खरी गोची पहिल्या महायुद्धात झाली. फ्रेंच सैन्याला पिस्तुलं कमी पडली. १९१५ मध्ये स्पेनमधल्या गाबिलोन्दो कंपनीला महिन्याला १०,००० नगांचं काम मिळालं. नाव 'रूबी', ब्राउनिंगच्याच घराण्यातलं. मागणी वाढत गेली तसं काम इतर कारखान्यांत वाटलं गेलं. प्रत्येकाचं माप थोडं वेगळं, सुटा भाग कानशीने घासून त्या त्या नगात बसवलेला. एकाचं मॅगझिन दुसऱ्यात चालेना. म्यानात सरकवताना सेफ्टीची (चुकून गोळी सुटू न देणारी) कळ उघडू लागली, तेव्हा स्लाइडवर एक बटण ठोकून वेळ निभावली. आपल्याकडे जुन्या मागाचा भाग दुसऱ्या मागावर चढवायचा तर जॉबरलाच (माग दुरुस्त करणाऱ्यालाच) बोलवावं लागतं, तसंच हे.

 

आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली ९ मिमी निषिद्ध बोर ठरली, पिस्तूल हवं असणाऱ्याला मुख्यतः बत्तीस उरली. १९८०च्या दशकात आयातही बंद झाली. म्हणून बाहेरची जुनी पिस्तुलं पिढ्यान्‌पिढ्या जपली जातात.

मंगळवेढ्याच्या आमच्या काकांकडे आजोबांच्या वेळचं असंच एक आहे. मॅगझिन हरवलं, तसंच दिसणारं दुसरं आणलं, तेव्हापासून तिसरी गोळी अडते. काका स्वतःच कानस घेऊन बसले होते. मी हात धरला. शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीचं कामही परवानाधारक बंदूकवाल्याचंच. आणि त्याच्याकडे जाण्याआधी माळ्यावरची आजोबांची ट्रंक एकदा उपसा म्हटलं, मूळ मॅगझिन त्यातच असेल.