गप्पा सुरू करणारे प्रश्नखेळ

एकमेकांना फारसे न ओळखणाऱ्या माणसांत बोलणे सुरू व्हावे म्हणून खेळायचे तोंडी खेळ. हार-जीत नसते, असली तर नावापुरती. सातारा-सांगली भागात कोजागिरीची गच्ची, बचत गटाची पहिली बैठक, कॉलेजचे शिबिर, हुरड्याचे शेत किंवा लग्नाच्या आदल्या रात्री हॉलवर मुक्कामाला आलेले पाहुणे, अशा ठिकाणी ते रंगतात.

ओळख काढण्याचा इथला पहिला प्रश्न ठरलेला आहे: ‘पाव्हणं, गाव कुठलं?’ त्यामागून ‘कुणापैकी?’ येतो आणि गप्पा भावकी, आडनाव, जात यांवर जातात. तो दुसरा प्रश्न टळावा, हा प्रश्नखेळाचा खरा उपयोग. त्यामुळे प्रश्न असा हवा की दहा सेकंदांत उत्तर सुचावे आणि ऐकणाऱ्याला ‘मग?’ म्हणावेसे वाटावे. ‘आवडता पदार्थ कोणता?’ याला ‘पुरणपोळी’ म्हटले की विषय मिटला. ‘तुमच्या हातून हमखास बिघडणारा पदार्थ कोणता?’ असे विचारले की मात्र सांडलेल्या पाकापासून दगड झालेल्या लाडवांपर्यंत सगळे निघते. पगार, लग्न, मूलबाळ, मार्क हे विषय वर्ज्य.

‘घर सोडायची वेळ आली तर कोणती एक वस्तू उचलाल?’ हा एरवी चांगला चालणारा प्रश्न सांगलीत काढू नये. ऑगस्ट 2019 च्या पुरात ज्यांनी खरोखर घर सोडले, त्यांना तो कल्पनेचा वाटत नाही. बोलणे ‘आयर्विनला (कृष्णेवरच्या पुलाला) किती फूट होतं, तुमच्या जिन्याला किती पायऱ्या पाणी’ यावर जाते आणि मग खेळाकडे कुणी परतत नाही.

चिठ्ठ्यांचा खेळ सर्वांत सोपा: प्रत्येक चिठ्ठीवर एक प्रश्न, ज्याने उचलली त्याने उत्तर द्यायचे. ए-फोर कागद चार वेळा निम्मा दुमडला की 16 चिठ्ठ्या होतात; बारा जणांना तेवढ्या पुरतात, कारण दोन-चार परत टाकल्या जातातच. परत टाकण्याची मुभा एकदाच द्यावी. अक्षर मोठे काढावे आणि चिठ्ठी शेजाऱ्याने वाचावी, म्हणजे ‘चष्मा घरी राहिला’ म्हणायची पाळी कुणावर येत नाही. पहिले उत्तर खेळ घेणाऱ्याने स्वतः द्यावे, तेही अर्ध्या मिनिटात. तो जेवढे बोलेल तेवढेच पुढचे बोलतात. त्याने पाच मिनिटे घेतली तर बाराव्या माणसापर्यंत दूध आटते. बसल्या ओळीने पाळी देणे ही नेहमीची चूक. आपली पाळी कधी येणार हे कळले की माणूस मनात उत्तर घोकत बसतो, शेजाऱ्याचे ऐकतच नाही. उत्तर दिलेल्याने पुढचा माणूस निवडावा. वीसच्या वर माणसे असतील तर सहा-सहाचे गट पाडावेत: दीड मिनिटाप्रमाणे वीस जणांना अर्धा तास लागतो, आणि तेवढा वेळ गप्प बसून कुणी ऐकत नाही.

मोठ्या घोळक्याला ‘हे की ते’ बरा. साताऱ्याचा कंदी पेढा की सांगलीचे भडंग? कास पठारावर फुलांत जायचे की धुक्यात? एका उत्तराचे या बाजूला, दुसऱ्याचे त्या बाजूला. ‘दोन्ही’ चालणार नाही हे आधीच सांगावे. ‘का?’ हा प्रश्न फक्त कमी माणसे असलेल्या बाजूला विचारावा. साताऱ्याच्या मांडवात भडंगाच्या बाजूने उभे राहिलेले तिघे जेवढ्या हिरिरीने बोलतात तेवढे पेढ्यावाले तीस बोलत नाहीत.

‘दोन खरं, एक खोटं’ यात प्रत्येकाने स्वतःबद्दल तीन वाक्ये सांगायची आणि इतरांनी खोटे ओळखायचे. विचाराला दोन मिनिटे द्यावीत. नवखे लोक खोटे फार मोठे रचतात (‘मी विमान चालवलंय’) आणि लगेच पकडले जातात. ‘मला सायकल येत नाही’ यासारखे किरकोळ खोटे टिकते. नातेवाइकांत हा खेळ पडतो, तिथे आत्याला सगळेच माहीत असते.

‘वीस प्रश्न’ यात एकाने मनात वस्तू धरायची, बाकीच्यांनी होय-नाही उत्तराचे प्रश्न विचारायचे. प्रत्येक प्रश्नाने शक्यता निम्म्या केल्या तर वीस प्रश्नांत 10,48,576 वस्तूंतून एक सापडते. म्हणून सुरुवात ‘स्वयंपाकघरात असते का?’ अशी रुंद हवी. दुसऱ्याच प्रश्नाला ‘खलबत्ता?’ म्हणणारे प्रश्न वाया घालवतात. वस्तू सर्व वयांच्या ओळखीची असावी: बेदाणा, एसटीची घंटा, मिरजेची सतार. थोरामोठ्यांची नावे टाळावीत, कुणाला ती चेष्टा वाटते.

जुन्या प्रकारांत कोडी येतात. उखाणा या शब्दाचा जुना अर्थही कोडेच. नाव घेण्याचा उखाणा मात्र अनोळखी बैठकीत पहिला घेऊ नये. अविवाहित आणि विधवा बायका त्यात आपोआप बाजूला पडतात, आणि एकदा गप्प बसलेली बाई पुढच्या खेळातही मागेच सरकते.

दोघे-तिघे आपापसांत बोलू लागले की खेळ पुढे रेटू नये. चिठ्ठ्यांच्या डब्याला झाकण लावावे, उरलेल्या पुढच्या वेळी चालतात.