पोलादातील अणूंची दहा पिकोसेकंदांची उलथापालथ

अणुभट्टीतील 10 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रॉन लोखंडाच्या अणूवर समोरासमोर आदळला, तर त्या अणूला जास्तीत जास्त 69 हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात. स्फटिकातला एक अणू जागचा उखडायला सरासरी 40 इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरेसे असतात, तेव्हा उडालेला अणू शेजाऱ्यांना उडवतो, ते पुढच्यांना, आणि काही नॅनोमीटरच्या जागेत हजारो अणूंची घडी विस्कटते. हे सारे इतक्या लवकर उरकते की ते घडताना कोणत्याही सूक्ष्मदर्शकाला टिपता येत नाही.

म्हणून ते संगणकावर घडवून पाहतात. प्रत्येक अणूवर शेजाऱ्यांमुळे पडणारे बल काढायचे, न्यूटनच्या नियमाप्रमाणे त्याला किंचित सरकवायचे आणि पुन्हा बल काढायचे. हे एकेक पाऊल फेम्टोसेकंदाचे, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही दहा लाखाव्या भागाचे, किंवा त्याहूनही लहान असते. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत जॉर्ज विनयार्ड आणि सहकाऱ्यांनी 1960 मध्ये तांब्याच्या सुमारे 500 अणूंवर हे करून दाखवले. आज लाखो अणू घेतले जातात.

यातून दिसलेली सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे धातू स्वतःच सावरतो. सुमारे दहा पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) बहुतेक अणू स्फटिकातील कुठल्या ना कुठल्या रिकाम्या जागी बसतात, आणि मोठ्या आघातानंतर लोखंडात उरणारे दोष 1975 च्या प्रचलित सूत्राने वर्तवलेल्या संख्येच्या साधारण एक तृतीयांशच भरतात.

उरलेल्या दोषांत एकीकडे रिकाम्या जागा असतात, तर दुसरीकडे एकाच जागेत दाटीने बसलेल्या दोन अणूंच्या जोड्या. ही जोडी कोणत्या दिशेला रोखलेली असते, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण माझ्या मते साऱ्या गणिताची कसोटी इथेच लागते. लोखंडाचा स्फटिक छोट्या घनांच्या रचनेचा असतो; बलाची काही जुनी सूत्रे जोडीला अशा घनाच्या मुख्य कर्णावर ठेवत आणि मग ती एका रेषेत जवळजवळ विनासायास घसरे. पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) गणिताने मात्र ती घनाच्या पृष्ठाच्या कर्णावर असते आणि हलायला तिला सुमारे 0.3 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, असे दाखवले. पोलादात क्रोमियम, निकेल आणि कार्बनही असल्याने बलाचे सूत्र आणखी जपून बांधावे लागते.

स्कॉटलंडमधील डूनरे येथील वेगवान न्यूट्रॉनांवर चालणाऱ्या अणुभट्टीतील इंधनाच्या स्टेनलेस स्टील आवरणांत पोकळ्या आढळल्याचे 1967 मध्ये प्रसिद्ध झाले. रिकाम्या जागा एकत्र येऊन अशा पोकळ्या बनतात तेव्हा धातू फुगतो, पण त्याला फार वेळ लागतो, म्हणून दहा पिकोसेकंदांनंतर उरलेले दोष माँटे कार्लोसारख्या (यादृच्छिक आकड्यांवर चालणाऱ्या) संथ कालमापनाच्या पद्धतींकडे सोपवले जातात. आधीच्या गणितात जोडीची दिशा चुकलेली असेल, तर ती चूकही त्यांच्याबरोबर पुढे जाते.